राखीव जागा

यवतमाळ
४ मे १९५८

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला आज बसलो. रागावू नको. जिल्ह्याचे हुतुतूचे सामने होते, बावीस संघ आले. नवजवान क्रीडा मंडळाचा चिटणीस म्हणजे लोकांना मोठा माणूस वाटतो. पण मैदान आखायचं मी, पंचांची भांडणं मिटवायची मी, रुसलेल्या संघाला स्टँडवरून परत आणायचं तेही मीच. अंतिम सामना आपण मारला. आपला कप्तान नेमसिंग, तांड्यावरचा, तुझ्या हातची भाकरी खाऊन गेला होता तो, एका चढाईत चार गडी बाद करून आला.

पण त्या आनंदात राहता आलं नाही. त्याच आठवड्यात वस्तीत हगवण-वांतीची साथ आली. पाच दिवसांत सात लेकरं गेली. शेजारच्या इंदूबाईची धाकटी पोरगी सकाळी अंगणात खेळत होती, संध्याकाळी नव्हती. नाल्याकाठची एकच विहीर, पाणी हिरवं झालेलं. नगरपालिकेचा नळ नाल्याच्या अलीकडे येऊन थांबला आहे. तुझी भावजय सत्यशीला आता कापसाच्या जिनातून डोक्यावर पाणी आणते.

वस्तीची बैठक बसली. इंदूबाई तिथे उठून मला म्हणाली, "बावीस गावचे गडी एका मैदानात आनतं तू, अन् एक नळ नाई आनता येत तुले?"

दुसऱ्या दिवशी देवीलाल शेटजींनी बोलावलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष तेच, मी कारकून आहे त्या जिनाचे मालकही तेच. नगरपालिकेत त्यांचा गट आहे, एक मत कमी पडतं. म्हणाले, "डोमाजी, पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. तुमच्या वार्डात एक जागा राखीव आहे. खडे हो जाओ. नाला ओलांडून नळ नेतो, ये मेरी जबान." मी हो म्हटलं आहे. तुझा आशीर्वाद हवा.

तुझा
डोमाजी


नेर
१२ मे १९५८

डोमास रुखमाबाईचा जयभीम.

माहं अक्षर पाहून हासू नको. प्रौढ वर्गात जेवढं शिकली तेवढंच येते, पन दुसऱ्याच्या हातानं लिवून घ्यावं वाटत नाई.

लेकरायचं वाचून दोन दिवस घास गेला नाई. तू उभा होऊन राह्यला हे बरं केलं. माय मेली तईं तू सात वर्षाचा होता, कमरेवर घेऊन निंदाले जात होती मी तुले. आता तू मेंबर होशीन.

एक गोष्ट मनात हाय. इथले मास्तर म्हनते का राखीव जागेच्या फारमात धर्म हिंदू लिवा लागते. बौद्ध झालेल्याले ते जागा भेटत नाई. खरं हाय काय? मी त्याईले म्हनलं, माहा भाऊ तसं लिवनार नाई. दीक्षेच्या दसऱ्याले नागपूरले आमी दोघं संगंच उभे होतो. गर्दीत हरपू नये म्हनून मी त्याच्या सदऱ्याचा शेव धरून होती. बाबासाहेबांचा आवाज आला अन् हा माहा भाऊ लहान लेकरावानी रडला. तो मानूस हिंदू लिवन काय?

तू लिवून पाठव म्हंजे मी त्याईले दाखवीन.

रुखमाबाई


यवतमाळ
३ जून १९५८

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. फॉर्माचं काम शेटजींचे वकील पाहतात. त्यात पुष्कळ रकाने असतात, मला सगळे आठवतही नाहीत. मास्तरांना सांग, काळजी नको.

प्रचार जोरात आहे. आपले गडी सकाळी मैदानावर दंड-बैठका काढतात आणि तिथूनच वार्डात फिरतात. माझ्यासमोर घनश्याम उभा आहे. चपला शिवतो तो. आपल्याच मंडळाचा जुना गडी, आपल्यासाठी खेळताना त्याचा गुडघा मोडला होता, अजून लंगडतो. त्याच्याशी लढायचं मनाला बरं वाटत नाही, पण त्याच्यामागे कोणी नाही. तो निवडून आला तरी शेटजी त्याचं ऐकणार नाहीत, आणि नळ तिथेच राहील.

डोमाजी


नेर
२ जुलै १९५८

डोमास जयभीम.

तुही तार आली. एकशे बारा मतायनं! रविवारच्या वंदनेले साठ बाया होत्या, सगळ्यायले गूळ वाटला. मी त्यायले सांगतलं, माह्या भावानं काही न लपवता जिकलं. मास्तर तिथंच होते. आता त्यायनं बी टाळ्या वाजवल्या.

तू माह्या सवालाचं उत्तर धड देल्लं नाई, पन आता कायले इचारू? जिकला तं सगळं बरोबरच असन.

रुखमाबाई


नेर
२० ऑगस्ट १९५८

डोमास जयभीम.

काल तुहा घनश्याम आला होता इथं, एक वकील घेऊन. लंगडत लंगडत दारात आला, मी पाट देल्ला, चहा देल्ला. वकिलानं इचारलं, "बाई, तुम्ही नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या?" मी म्हनलं, गेलती. "सोबत कोण होतं?" मी म्हनलं, माहा भाऊ डोमाजी, आता यवतमाळच्या कमेटीत मेंबर हाय तो. सगळं सांगतलं त्यायले, ऊन कसं होतं, तू कसा रडला. मले वाटलं तुह्यावर पेपरात लिवनार असन. त्यायनं लिवून घेतलं, मी खुशीनं सही केली. मले सही येते हे पाहून वकिलाले नवल वाटलं.

जाता जाता घनश्याम म्हने, "बाई, तुमी लय साध्या हाय." काहून म्हनला तसं?

रुखमाबाई


यवतमाळ
२५ ऑगस्ट १९५८

ताई,

तुझा दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो आता लिहितो, कारण दोन दिवसांत तुला कोर्टाचं समन्स येईल.

फॉर्मात मी लिहिलं: धर्म हिंदू, जात महार. खाली सही केली. दुसऱ्यांदा विचारही केला नाही, हेच मला खुपतं. मास्तर खरं बोलत होते. बौद्ध माणसाला ती जागा मिळत नाही. घनश्याम बौद्ध झालेला नाही, त्याला खोटं लिहावं लागत नव्हतं. जागा त्याचीच होती. त्याने माझी निवडणूक रद्द करावी म्हणून अर्ज केला आहे, आणि तुझा जबाब हा त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

अजून एक केलं. मंडळाच्या सामन्यांच्या वहीत मी मागून एक पान घातलं. सन छप्पनचा दसरा, लोहाऱ्याला मैत्रीचा सामना, पंच डोमाजी भगत. म्हणजे त्या दिवशी मी नागपूरला नव्हतो. नेमसिंगकडून कप्तानाची सही घेतली. त्याने सही केली, पेन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी तुमीच मले तांड्यावर जाले सुटी देल्लती. आता मले खेळाले बोलावू नका." अकरा वर्षं माझ्याबरोबर खेळलेला गडी, मागे न पाहता गेला.

ताई, कोर्टात म्हण, मी तुझ्याबरोबर नव्हतो. एवढं एकच वाक्य.

डोमा


नेर
३० ऑगस्ट १९५८

डोमा,

समन्स आलं. तुहं पत्र बी आलं. मी दोनी चुलीत टाकनार होती, समन्स ठेवलं.

साठ बायायपुढं मी काय सांगतलं होतं तुले ठाऊक हाय. मी खोटं बोलनार नाई. पत्र लिवू नको.

रुखमाबाई


यवतमाळ
१४ सप्टेंबर १९५८

ताई,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितो.

पाइप आले आहेत. नाल्याच्या काठापर्यंत नाली खणून झाली आणि तिथे काम थांबलं. शेटजी म्हणतात, "फैसला होऊ द्या. तुम्ही राहिलात तर नळ आहे. नहीं तो मैं किसके लिए करूँ?" लोखंडी पाइप रस्त्याच्या कडेला पडले आहेत, बाया त्यांच्यावरून विहिरीकडे जातात.

काल पुन्हा एक लेकरू गेलं. बाप कामावर गेलेला, म्हणून मी हातावर घेऊन गेलो. वजनच नव्हतं ताई. खड्डा खणणाऱ्याने विचारलं, "मेंबरसाहेब, तुमचं आहे का?" मी हो म्हटलं.

मी रात्रंदिवस मार्ग शोधतो आहे. राजीनामा द्यावा तर नळ जातो. खरं सांगावं तर नळ जातो. नाल्यापलीकडे दीडशे घरं आहेत. मला माझी खुर्ची नको आहे, तू मानशील की नाही ठाऊक नाही. तू आजारी पड. डॉक्टरचा दाखला मी पाठवतो. नाही तर येऊन ते एक वाक्य बोल. माय गेल्यावर तू मला जे दिलंस, त्यापुढे हे मागायची लाज वाटते, तरी मागतो. माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

डोमा


नेर
३ नोव्हेंबर १९५८

डोमा,

निकाल तुह्या बाजूनं लागला असं आयकलं. त्या बुधवारी कोर्टात काय झालं ते तू खाली मान घालून आयकत होता, म्हनून पुरं आयकलं नसशीन. लिवून ठेवते.

कोर्टाच्या ओट्यावर मले इंदूबाई भेटली. तिनं काही मांगलं नाई. माहा हात धरून बसून राह्यली फक्त. मी घरून निंगाली तईं खरंच बोलनार होती. तिच्या हातातून हात सोडवून मंधात गेली तईं मले समजत नव्हतं मी काय बोलीन.

वकिलानं इचारलं, "भाऊ सोबत होता?" मी म्हनलं, नाई. त्यानं माह्या सहीचा कागद काढला. "ही सही तुमचीच?" माहीच. "मग तेव्हा खरं बोललात की आता?" मी म्हनलं, साहेब, लाखो मानसं होते. भाऊ मनात होता म्हनून तोंडातून निंगून गेलं. संगं कोनी नव्हतं. मी एकलीच गेलती.

जजसाहेबानं ते लिवलं अन् मले वाचून दाखवलं. "मी एकटीच गेले होते." मी सही केली.

मी बोलत होती तेवढा वेळ मले वाटे तू उठशीन. आता उठन, आता म्हनन मी होतो. मी हळू हळू बोलली, तुले टाइम भेटावा म्हनून. तू उठला नाई.

घनश्याम समोरच होता. त्याले सगळं ठाऊक होतं. बाहेर आल्यावर मले वाटलं आता शिव्या देईन. त्यानं इचारलं, "बाई, नेरची बस भेटन काय आता?" अन् लंगडत मले स्टँडवर पोचवून देल्लं.

आता तू खरं सांगू नको. तू खरं बोलला तं मले जेल होईन. तुहा रस्ता मीच बंद केला.

रुखमाबाई


यवतमाळ
२२ मार्च १९५९

ताई,

काल नळ आला. नाल्यावरून पाइप नेला, वस्तीच्या मधोमध ओटा बांधला. शेटजींनी तोटी फिरवली, मला हार घातला. पहिली घागर इंदूबाईनं भरली. पाणी इतकं जोरात आलं की घागर तिच्या हातून निसटली. लोक हसले, तीही हसली, मग ओट्यावर बसून पोरीचं नाव घेऊन रडली.

सत्यशीला म्हणाली, "रुखमाताईले बोलवा लागत होतं." मी दोनदा नेरला येऊन गेलो. तू दार उघडलंस, तांब्या दिलास आणि आत निघून गेलीस. तिसऱ्यांदा यायची हिंमत झाली नाही.

डोमा


यवतमाळ
१० जून १९५९

ताई,

उन्हाळा संपला. यंदा वस्तीत एकही लेकरू गेलं नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितो, उत्तरासाठी नाही.

वस्तीत लोक मला आता मान देतात, कामं सांगतात, लग्नाला बोलावतात. पण रविवारी विहारात गेलो की पुढची सतरंजी रिकामी होते. कोणी वाईट बोलत नाही. एक म्हातारा म्हणाला, "डोमाजी, तुमी कोर्टात हिंदू हाय नं? मंग इथं कायले तकलीफ घेता?" मी दाराबाहेर चपलांपाशी बसून वंदना ऐकली.

डोमा


नेर
१८ ऑक्टोबर १९५९

डोमा,

वर्षानं लिवते. यंदाची तुही सारी पत्रं वाचली, ठेवली.

लेकरं वाचले त्याचं मले बरं वाटते. खोटं कायले बोलू, लय बरं वाटते. रोज सकायी मी आपल्या मनाले तेच सांगते. पन पंचशील म्हनाले बसली का चौथ्यापाशी माही जीभ अडते. खोटं बोलनार नाई, हे कसं म्हनू? बायायपुढं तं बिलकुलच निंगत नाई. पह्यल्या महिन्यात खोकला आला म्हनून सांगतलं. मंग त्यायले समजलं का हा खोकला नोहे. मीच म्हनलं, दुसरीनं वंदना घ्यावी. आता मी मांगं बसते.

अन् एक होते. दसऱ्याचा दिवस आठवाले बसली का मले तू दिसत नाई. ऊन दिसते, पांढरे कपडे दिसते, माही मूठ दिसते, मुठीत काही नाई. कोर्टात बोलली तसंच होऊन राह्यलं. याचं मले भेव वाटते.

रुखमाबाई


यवतमाळ
५ जानेवारी १९६०

ताई,

तुझं पत्र मी सदऱ्याच्या खिशात घालून अडीच महिने फिरलो. आता जे ठरवलं ते लिहितो.

काल मी नगरपालिकेचा राजीनामा दिला. नळ आता कोणी काढून नेऊ शकत नाही, ठराव झालेला आहे. शेटजी भडकले. मंडळाचं चिटणीसपद गेलं, जिनातली नोकरीही गेली. मंडळाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या तेव्हा मैदानावर पोरं खेळत होती, मी उभा राहून एक डाव पाहिला आणि निघालो. सत्यशीला म्हणते, दोघं मजुरी करू.

मग घनश्यामकडे गेलो. तो चपलेला टाके घालत होता. म्हटलं, जागा तुझी होती, आता तू उभा राहा. माफी माग असं तो म्हणेल म्हणून तयार होतो. तो म्हणाला, "नाल्यापलीकडं रस्त्यावर दिवे नाई. ते पाहातो मी." आणि पुन्हा टाके घालू लागला.

खरं बोलून तुला जेलात घालू शकत नाही. पण एक मार्ग आहे. चोवीस तारखेला इथे भंतेजी येत आहेत, नव्या लोकांना दीक्षा देणार आहेत. मी त्या नव्या लोकांत उभा राहणार आहे. कोर्टाच्या हिशेबाने मी अजून हिंदूच आहे ना, मग पहिल्यांदाच घेतो आहे असं होईल. वस्ती हसेल, हसू दे. त्यानंतर कोणत्याही कागदावर मला बौद्ध लिहिता येईल.

पण तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि भीती वाटते. मी आज पहिल्यांदा घेतली असं जगाला दाखवलं, तर तो नागपूरचा दिवस माझ्या हातानं कायमचा पुसला जाईल. मी तो एकदा तुझ्या तोंडून पुसून घेतला. आता तू नको म्हणशील तर नाही घेणार. हो म्हणशील तर माझ्या शेजारी येऊन उभी राहशील का?

तुझा
डोमा


नेर
३१ जानेवारी १९६०

डोमास रुखमाबाईचा जयभीम.

मी तुले हो बी लिवलं नाई अन् नाई बी लिवलं नाई. मले समजतच नव्हतं. शनिवारी बायायपुढं उभी झाली अन् सांगतलं, मी कोर्टात खोटं बोलली. पुढचं काही सांगतलं नाई, कोनी इचारलं नाई. रविवारी सकायी सकायी बस धरली.

तू मले पाह्यलं हे मले ठाऊक हाय. मी समोरच बसली होती, सत्यशीलेच्या बाजूनं. तुमी चाळीसेक मानसं उभे होते, सारे नवे, त्यात तू. वस्तीतले दोघं-तिघं तोंडावर हात ठेवून हासले. मंग तू बोलाले लागला अन् ते हासाचे बंद झाले. तुहा आवाज फुटत होता.

सत्यशीलेनं मले कोपर मारलं, "जा ताई, बाजूनं उभ्या राहा." इंदूबाई बी मांगून म्हने, जा वं. तू बी माह्याकडं पाहून राह्यला होता. मी उठली नाई. तुले वाटलं असन, अजून राग हाय. राग नव्हता. तुह्या बाजूनं मी एकदा उभी होती डोमा, उनात. दुसऱ्यांदा उभी झाली असती तं मीच कबूल केलं असतं का ते पह्यलं खोटं होतं. कागदावर काई बी असो. हे दुसरं तुहं एकल्याचं होतं, तुलेच करा लागत होतं.

संपल्यावर तू ताई म्हनून हाक मारली. मी वळली नाई, कारन बस होती, अन् मले रडाचं होतं, तं ते मी बसमंधी रडली. बाजूची बाई म्हने, कोन गेलं? मी म्हनलं, कोनी नाई गेलं.

तुह्या हाताले मजुरीची आदत नाई, पह्यले आठ दिवस फोड येतीन, त्यायले फोडू नको. इथं कापसाच्या बजारात तोलाईवर मानूस पायजे म्हनते, मी इचारून ठेवलं हाय. वैशाखात बुद्ध जयंती हाय. सत्यशीलेले घेऊन ये. तू बी ये.

रुखमाबाई